सतरा चालींचा डाव आणि न हललेला हत्ती



बुद्धिबळ दोन तऱ्हेने खेळता येते. एक म्हणजे समोर गडी बसवून. दुसरी तऱ्हा अशी, की पूर्वी कोणी खेळलेला डाव वहीत उतरवून घ्यायचा आणि पटावर पुन्हा मांडायचा. प्रत्येक चालीला थांबायचं आणि विचारायचं, "हा असा का खेळला असेल?" आमचे गुरुजी याला डावाचा अभ्यास म्हणतात. नुसते पाहून गणित येत नाही, पाटीवर सोडवावे लागते. डावाचे पण तसेच आहे. म्हणून या लेखात मी एका डावाचा अभ्यास लिहिला आहे. डाव फक्त सतरा चालींचा आहे.

डाव कोणी खेळला?

हा डाव १८५८ साली फ्रान्स देशात पॅरिस शहरी झाला. तोही एका नाटकगृहात. तिथे ऑपेरा चालू होता. ऑपेरा म्हणजे गाऊन केलेले नाटक, आपल्या संगीत नाटकासारखे. पुढे गाणी चालली होती आणि बड्या लोकांच्या खास बैठकीत पट मांडला होता.

पांढरी मोहरी पॉल मॉर्फी याच्याकडे होती. तो अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराचा. जन्म १८३७ चा, म्हणजे तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तो वकिली शिकलेला होता. १८५७ साली त्याने न्यूयॉर्कची मोठी स्पर्धा जिंकली होती.

काळी मोहरी दोघांनी मिळून खेळली. एक ब्रन्सविकचा ड्यूक. तो जर्मनीतल्या एका लहान राज्याचा गादीवरून काढलेला राजा होता. दुसरा इसुआर नावाचा फ्रेंच सरदार. दोघे एकमेकांना विचारून चाल करीत. तिघेही हौशी होते, बुद्धिबळ हा कोणाचाच धंदा नव्हता. एकाविरुद्ध दोघे, तरी दोघे हरले. का हरले, तेच आपल्याला शोधायचे आहे.

घरी पट कसा करावा?

ज्यांच्या घरी पट नाही त्यांनी वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळी आखाव्यात. चौसष्ट घरे होतात. एक सोडून एक घर कोळशाने काळे करावे. प्याद्यांसाठी चिंचोके घ्यावेत. अख्खे चिंचोके काळी प्यादी आणि फोडलेले चिंचोके पांढरी प्यादी. मोठ्या मोहऱ्यांसाठी सोडाबाटलीचे बिल्ले घेऊन वर कागद चिकटवावा आणि रा, व, ह, उं, घो असे लिहावे. पट मांडताना आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातले घर पांढरे यायला पाहिजे.

घरांना नावे असतात. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणतात. आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे. पांढरा राजा ई१ वर बसतो, काळा राजा ई८ वर. वजीर डी१ आणि डी८ वर. एवढे कळले की कोणत्याही देशातला डाव वाचता येतो.

या सुरुवातीचे नाव

डावाच्या पहिल्या चालींना सुरुवात म्हणतात आणि सुरुवातींना नावे असतात. आपल्या डावाची सुरुवात फिलिडोर याच्या नावाची आहे. फिलिडोर (१७२६ ते १७९५) हा फ्रान्सचा संगीतकार होता आणि बुद्धिबळातही फार हुशार होता. १७४९ साली त्याचे बुद्धिबळावरचे पुस्तक निघाले. प्यादी हा खेळाचा प्राण आहे असे त्याचे म्हणणे होते. पांढऱ्याने ई५ च्या प्याद्यावर मारा केला की काळ्याने डी६ ला प्यादे सरकवून त्याला जोर द्यायचा, ही फिलिडोरची सुरुवात. जोर चांगला बसतो, पण एक अडचण होते. एफ८ वरच्या उंटाची वाट अरुंद होते. डी६ ला आपलेच प्यादे असल्यामुळे त्याला फक्त ई७ एवढे एकच घर राहते. हा उंट लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

आता डाव मांडू

चाल १. पांढरे प्यादे ई४. काळे प्यादे ई५. दोघांनी मधली जागा धरली.

चाल २. पांढरा घोडा एफ३ वर आला. त्याचा मारा ई५ च्या प्याद्यावर. काळ्याने प्यादे डी६ ला आणून जोर दिला.

चाल ३. पांढरे प्यादे डी४. आता ई५ वर दोघांचा मारा. काळ्याने उंट जी४ वर आणला आणि घोडा जखडला. घोडा हलला तर मागचा पांढरा वजीर मरेल. चाल दिसायला छान आहे, पण घोटाळा इथूनच सुरू झाला. आजचे जाणकार इथे घोडा एफ६ करा किंवा ई५ च्या प्याद्याने डी४ चे प्यादे मारा असे सांगतात.

चाल ४. पांढऱ्या प्याद्याने ई५ चे प्यादे मारले. काळ्याने लगेच डी६ च्या प्याद्याने परत का मारले नाही? कारण मग पांढरा वजीर डी८ चा काळा वजीर मारतो, काळा राजा तो वजीर मारतो. आता घोड्यामागे वजीरच नाही, म्हणून घोडा मोकळा झाला. तो ई५ चे प्यादे फुकट खातो. म्हणून काळ्याने आधी उंटाने घोडा मारला.

चाल ५. पांढऱ्या वजिराने एफ३ वर तो उंट मारला. मग काळ्या प्याद्याने ई५ वर मारले. हिशेब बरोबरीत. पण बघा, काळ्याचा उंट दोन चाली चालला आणि मेला. पांढऱ्याचा वजीर मात्र मारता मारता बाहेर आला.

चाल ६. पांढरा उंट सी४. आता वजीर एफ७ चे प्यादे मारून एका चालीत मात करणार. काळ्याने घोडा एफ६ वर आणून आड घातला.

चाल ७. पांढरा वजीर बी३. एका चालीत दोन दुखणी, एफ७ आणि बी७. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ ला जोर दिला. पण आता एफ८ च्या उंटाकडे बघा. त्याची बाहेरची वाट ई७ वरूनच जाते आणि तिथे आपलाच वजीर येऊन बसला. दुसऱ्या बाजूला जी७ चे प्यादे. उंटाचे दार बंद. उंट हलत नाही म्हणून त्या बाजूला किल्लेकोट होत नाही. किल्लेकोट नाही म्हणून एच८ चा हत्ती कोपऱ्यातच.

चाल ८. पांढऱ्याला बी७ चे प्यादे मिळत होते. पण मग काळा वजीर बी४ वर शह देतो आणि वजिराला वजीर जातो. मॉर्फीने ते प्यादे सोडले आणि सी३ वर दुसरा घोडा काढला. एका प्याद्यासाठी तो थांबला नाही. काळ्याने प्यादे सी६ केले, त्यामुळे वजिराचा जोर सातव्या ओळीतून बी७ पर्यंत पोचला.

चाल ९. पांढरा उंट जी५. एफ६ चा घोडा जखडला, कारण मागे काळा वजीर आहे. काळ्याने प्यादे बी५ करून सी४ च्या उंटाला हुसकायला पाहिले.

इथे थांबून मोजा. पांढऱ्याचे बाहेर कोण? वजीर, दोन उंट, एक घोडा. चार. काळ्याचे बाहेर कोण? वजीर आणि एक घोडा. दोनच, त्यातला घोडा जखडलेला. काळ्याचा राजा अजून मध्येच.

चाल १०. मॉर्फी मागे गेला नाही. घोड्याने बी५ चे प्यादे मारले. काळ्या प्याद्याने घोडा मारला.

चाल ११. पांढऱ्या उंटाने बी५ वर ते प्यादे मारून शह दिला. काळ्याने बी८ चा घोडा डी७ वर आणून शह अडवला. आता दोन घोडे जखडले, एक राजापुढे आणि एक वजिरापुढे.

चाल १२. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. राजा सी१ वर सुरक्षित आणि हत्ती थेट डी१ वर. म्हणजे एका चालीत दोन कामे. हत्तीचा मारा डी७ वर. काळ्याने ए८ चा हत्ती डी८ ला आणून जोर दिला.

चाल १३. पांढऱ्या हत्तीने डी७ चा घोडा मारला. काळ्या हत्तीने तो हत्ती मारला.

चाल १४. पांढऱ्याने लगेच एच१ चा दुसरा हत्ती डी१ वर आणला. काळा हत्ती जखडलेला, जागचा हलू शकत नाही. काळा वजीर ई६ वर गेला.

चाल १५. पांढऱ्या उंटाने डी७ चा हत्ती मारून शह दिला. काळ्या घोड्याने एफ६ वरून येऊन उंट मारला.

चाल १६. आता बघा गंमत! पांढरा वजीर बी८ वर जातो आणि शह देतो. तिथे डी७ चा घोडा त्याला खाणार, हे उघड दिसते आहे. काळ्याला दुसरे काही करताही येत नाही. घोड्याने वजीर मारला.

चाल १७. घोडा डी७ वरून गेला म्हणून डी ओळ मोकळी झाली. पांढरा हत्ती डी८ वर. शह आणि मात!

मात कशी ते तपासून घ्या. राजाने हत्ती मारावा तर त्याला जी५ च्या उंटाचा जोर आहे. ई७ वर जावे तर तोच उंट मारतो. डी७ वर हत्तीचा मारा. एफ७ वर आपले प्यादे आणि एफ८ वर आपलाच उंट. ज्याने राजाला मदत करायची तोच राजाची वाट अडवून बसला.

शेवटी मोजणी

मात झाली तेव्हा पटावर कोण उरले ते मी वहीत लिहिले आहे.

पांढऱ्याचे : राजा, एक हत्ती, एक उंट, सात प्यादी.
काळ्याचे : राजा, वजीर, एक हत्ती, एक उंट, एक घोडा, पाच प्यादी.

म्हणजे ज्याच्याकडे जास्त मोठी मोहरी होती तोच हरला! पहिल्यांदा मला हे खरे वाटेना. मी दोनदा मोजले. मग चाली पुन्हा वाचल्या आणि प्रत्येक मोहऱ्यापुढे तो किती वेळा हलला ते मांडले. पांढऱ्याचा एकही मोहरा असा नाही की जो हलला नाही. दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, दोन्ही घोडे, वजीर, सगळ्यांना पाळी मिळाली. काळ्याच्या एफ८ च्या उंटापुढे शून्य आले. एच८ च्या हत्तीपुढेही शून्य आले.

हत्ती केवढा बलवान मोहरा! सरळ रेषेत सगळा पट ओलांडतो. पण सतरा चालींत तो एक घर सुद्धा सरकला नाही. पटावर होता आणि नव्हता, सारखेच.

मला काय कळले

हा डाव मी तिसरीत असताना माझ्या मैत्रिणीबरोबर मांडायची. मी पांढऱ्या चाली वाचायची, ती काळ्या चाली करायची. डाव संपला की ती एच८ च्या हत्तीवर बोट ठेवून म्हणायची, "याला कोणी बोलावलंच नाही."

मी गुरुजींना विचारले, काळ्याने हत्तीला बाहेर का काढले नाही? गुरुजी म्हणाले, "सहाव्या चालीपासून पुढे बघ आणि काळ्याला मोकळी चाल कधी मिळाली ते सांग." मी बघितले. सहावी चाल मात अडवायला गेली. सातवी एफ७ वाचवायला. आठवी बी७ वाचवायला. अकरावी शह अडवायला. बारावी जोर द्यायला. काळ्याच्या मनात हत्तीबद्दल काही वाईट नव्हते. त्याला वेळच मिळाला नाही. वेळ होता तो सुरुवातीला, तिसऱ्या-चौथ्या चालीला. तेव्हा वाट मोकळी केली असती तर हत्ती पुढे कामाला आला असता.

म्हणजे सुरुवात ही पुढच्या सगळ्या डावाची सोय असते. हे मला या डावातून कळले.

आता मी जे लिहिते ते आयाबापांनी रागावू नये. माझी ती मैत्रीण मागच्या वर्षी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. उन्हाळ्यात परत आली. तिला २९ पर्यंत पाढे येत होते, माझ्यापेक्षा लवकर म्हणायची. परत आली तेव्हा तिचे अक्षर थरथरत होते आणि भागाकार तिच्या वाट्याला आलाच नव्हता. तिकडे ती कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायची. आमच्या वर्गात असे आणखी तीन जण आहेत.

घरच्यांची चूक आहे असे मला म्हणायचे नाही. उचल घेतलेली असते, मुकादम निरोप पाठवतो, गाडी दारात येते. मग एकामागून एक चाल फक्त संकट अडवायला जाते. त्या वेळी मुलीच्या शाळेचा विचार कोण करणार? लेकराला मागे ठेवायची भीती पण वाटते, ते मला ठाऊक आहे. माझी आई मला एक रात्र मामाकडे ठेवते तरी दोनदा निरोप पाठवते.

म्हणून मी म्हणते, सुरुवातीलाच वाट मोकळी करावी. आज १५ ऑगस्ट आहे. दिवाळीला अजून वेळ आहे. ज्यांची आजी गावात राहते त्यांनी आजीशी आत्ताच बोलावे. ज्यांचे कोणी नाही त्यांनी गुरुजींना आजच भेटावे, म्हणजे काही सोय होते का ते बघायला गुरुजींना वेळ मिळेल. माझ्या आईला मी विचारले आहे. मैत्रीण आमच्या घरी जेवायला आणि झोपायला राहिली तर चालेल, असे आई म्हणाली. एक भाकरी जास्त पडेल, एवढेच. आमच्यासारखी आणखी तीन घरे तयार झाली तर आमच्या वर्गाचे चारी जण गावात राहतील.

मित्रांनो, करून पाहा

१. चौथ्या चालीला काळ्याने उंटाने घोडा न मारता डी६ च्या प्याद्याने ई५ वर मारले असे समजा. पुढच्या चाली पटावर मांडा आणि कोणाचे एक प्यादे कमी होते ते सांगा.

२. सोळाव्या चालीला काळा राजा ई७ वर का जाऊ शकत नाही? बोट ठेवून दाखवा.

३. तुमचा स्वतःचा एक डाव वहीत उतरवा. दहा चाली झाल्या की थांबा आणि प्रत्येक मोहरा किती वेळा हलला ते मांडा. ज्याच्यापुढे शून्य असेल त्याला पुढच्या चालीत बाहेर काढा.

ज्यांना हा डाव मांडून बघायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात यावे. पुठ्ठ्याचा पट आणि चिंचोके कपाटाच्या खालच्या फळीवर आहेत. काळ्या चाली करायला माझी मैत्रीण बसते. तिला सतराच्या सतरा चाली तोंडपाठ आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी